पन्नाशीतलं प्रेम लिहिताना आधी घराचा हिशेब मांडा

पंचविशीतल्या दोघांची प्रेमकथा लिहिताना लेखकाला एक सोय असते. दोघांचं आयुष्य अजून सुरू व्हायचं असतं. जात, परगावची नोकरी, वडिलांचा हट्ट यांपैकी एखादा अडथळा उभा केला की गोष्ट चालू लागते. पंचेचाळीस ते पंचावन्नच्या माणसांचं तसं नसतं. त्यांची घरं आधीच भरलेली असतात. भिंतीवर कुणाचा तरी फोटो असतो, कपाटाच्या किल्ल्या ठरलेल्या माणसाकडे असतात, औषधांच्या वेळा पाठ असतात. प्रेम जडायला त्यांना फार दिवस लागत नाहीत. ते या भरल्या घरात ठेवायचं कुठे, या प्रश्नाला मात्र अडीचशे पानं सहज लागतात.

अशा कादंबऱ्यांची हस्तलिखितं वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. भावना पुरेशी असते, भाषाही बरी असते, पण दोघांचं आधीचं आयुष्य लेखकाने नीट रचलेलं नसतं. मग मध्यावर गोष्ट थांबते आणि ती ढकलायला अपघात, आजार नाहीतर दुष्ट सून आणावी लागते. आधीचं आयुष्य पक्कं रचलं असेल तर यातल्या कशाची गरज पडत नाही. पेच त्यातूनच निघतात.

इथे आपण कोल्हापुरात घडणारी कादंबरी धरू. कोल्हापूरला प्रेमकादंबरी नवी नाही. ना. सी. फडके राजाराम कॉलेजात शिकवत होते, वि. स. खांडेकरांचं घर इथलंच. पण त्या पिढीच्या कादंबऱ्यांतल्या नायक-नायिकेचं वय आणि आज आपल्याला जे वय लिहायचं आहे ते, यांत पंचवीस-तीस वर्षांचं अंतर आहे. तंत्र तिथून जसंच्या तसं उचलता येत नाही.

पुढचं सगळं नुसत्या नियमांत सांगितलं तर हाती काही लागणार नाही, म्हणून दोन काल्पनिक पात्रं घेऊ. मंगल, वय ४९. नवरा शिरोलीच्या फाउंड्रीत होता, सात वर्षांपूर्वी गेला. ती राजारामपुरीतल्या एका पतसंस्थेत काउंटरवर असते. शिवाजी पेठेतल्या जुन्या घरात ७६ वर्षांच्या सासूबरोबर राहते. मुलगी पुण्यात नोकरीला, मुलगा डिप्लोमाला आणि तालमीच्या फुटबॉल संघात. दिलीप, वय ५५. उद्यमनगरात पॅटर्न, म्हणजे ओतकामाला लागणारे नमुने, बनवण्याचं छोटं वर्कशॉप. घटस्फोट होऊन अकरा वर्षं झाली. कसबा बावड्यात स्वतः घेतलेला फ्लॅट, घरात आई. एक मुलगा, एक मुलगी, दोघं बाहेरगावी.

तास मोजा

पहिलं प्रकरण लिहायच्या आधी दोघांचा आठवडा कागदावर मांडा. सोमवार ते रविवार, पहाटेपासून रात्रीपर्यंत. नळाला पाणी केव्हा येतं, दूध कोण आणतं, ऑफिसची वेळ काय, सासूला रात्रीची गोळी किती वाजता, मुलाचा सराव कधी, वर्कशॉप कधी बंद होतं. कारखान्याची सुट्टी सोमवारी आणि पतसंस्थेची रविवारी असेल, तर तेवढ्या एका गोष्टीने निम्मे प्रसंग बदलतात.

हा तक्ता प्रामाणिकपणे भरला की दोघांना एकत्र मिळणारा वेळ आठवड्याला तीनेक तासांच्या वर जात नाही. कादंबरीचा काळ दहा महिने धरला तर सगळे मिळून साधारण १३० तास. ओळख, ओढ, भांडण, जवळीक, निर्णय, सगळं या १३० तासांत बसवायचं. हा आकडा डोळ्यांपुढे असला की लेखक प्रसंग वाया घालवत नाही. तीन तासांतला दीड तास दवाखान्याच्या रांगेत जाणार असेल, तर प्रेमाचा प्रसंग त्या रांगेतच लिहावा लागतो. तिथे तो चांगलाच होतो, कारण वाचकाला ती रांग माहीत असते.

पात्र साखर कारखान्यात असेल तर वर्षाचाही तक्ता करा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गळीत सुरू होतं आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतं. त्या काळात तीन पाळ्यांत काम करणारा केमिस्ट कुणाला रोज फोन करणार नाही. ऑफ सीझनला तोच माणूस संध्याकाळी पाचला मोकळा असतो. हंगाम बंद होताना सुरू झालेलं प्रेम पुढच्या हंगामाला टिकतं का, एवढ्या एका प्रश्नावर कादंबरीचा सांगाडा उभा राहतो. बाहेरून काही आणावं लागत नाही.

धंद्याची माहिती घ्या, पण तिची उपमा करू नका. बीडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, ओतकाम थंड होताना साधारण १ टक्का आकसतं, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो. हे कळल्याबरोबर लेखकाला वाटतं की आता प्रेमावर एक सुंदर वाक्य सुचलं. ते लिहू नका. त्या माहितीचा उपयोग असा करा: दिलीपने माप चुकीचं धरलं, ३० नग परत आले, गुरुवारची भेट रद्द झाली आणि मंगल त्याच्यासाठी सुट्टी टाकून बसली होती. धंदा कथानकात शिरला पाहिजे.

पैसा लपवू नका

प्रेमकादंबरीत रुपयांचे आकडे आले की गोडवा जातो, अशी भीती नव्या लेखकांना वाटते. पन्नाशीच्या प्रेमात उलट होतं. आकडे नसले की पात्रं हवेत तरंगतात. मंगलचा पगार २४,००० असेल तर २४,००० लिहा. मुलीचं शैक्षणिक कर्ज, मुलाची फी, सासूच्या गोळ्या, गल्लीतल्या भिशीचा हप्ता, सगळं मांडा आणि महिनाअखेरीला काय उरतं ते काढा.

भेटीची जागासुद्धा पैशातून काढता येते. दिलीप वर्कशॉपसाठी सीएनसी मशीन घेतो, त्यासाठी आईचे दागिने पतसंस्थेत सोनेतारण ठेवतो. कागद मंगलच्या टेबलावर येतो. म्हणजे माणूस कळायच्या आधी तिला त्याचं कर्ज कळलेलं असतं. शिवाय ते तिला कुणाला सांगता येत नाही. तिची नणंद विचारते, ‘माणूस कसा आहे? परिस्थिती बरी आहे का?’ आणि उत्तर ठाऊक असून तिला गप्प बसावं लागतं. पहिल्या पाच हजार शब्दांत एवढं झालं तर वाचक पुढे येतो.

आता कायद्याकडे वळू. इथे फार ढिलाई दिसते आणि सर्वांत दमदार पेच इथेच पडलेले असतात.

मंगलला नवऱ्याच्या भविष्यनिर्वाह निधीच्या १९९५ च्या योजनेतून पेन्शन मिळतं. या योजनेत विधवेचं पेन्शन तिच्या मृत्यूपर्यंत किंवा पुनर्विवाहापर्यंत चालतं. लग्न केलं की ते थांबतं. रक्कम लहान असते, पण सात वर्षं ते पैसे सासूच्या औषधांवर गेले असतील, तर लग्नाच्या निर्णयात सासूच्या गोळ्यांचा पत्ता आपोआप येतो. मग दोघं लग्न न करता एकत्र राहण्याचा विचार करतील. मुलगी म्हणेल, ‘दोन-अडीच हजारांसाठी तू असं राहणार?’ आणि मंगल म्हणेल की हे पैसे तुझ्या बाबांचे आहेत. दोघींचंही बरोबर आहे. या प्रसंगाला खलनायक लागत नाही. नवरा सरकारी नोकरीत असेल तर मात्र नियम वेगळे, ते त्या-त्या खात्याकडून विचारूनच लिहा.

दिलीपच्या बाजूचं गणित सरळ आहे. फ्लॅट त्याच्या स्वकष्टाचा. मृत्युपत्र न करता तो गेला, तर हिंदू वारसा कायदा, १९५६ प्रमाणे आई, मुलगा आणि मुलगी हे तिघं सारखे वारस, प्रत्येकी एक तृतीयांश. त्याने लग्न केलं की बायको चौथी वारस होते आणि प्रत्येकाचा हिस्सा एक चतुर्थांशावर येतो. मुलगा हे तोंडाने बोलणार नाही. तो ‘बाबा, या वयात लोक काय म्हणतील’ एवढंच म्हणेल. लेखकाला मात्र त्या वाक्यामागचा अपूर्णांक माहीत हवा. दिलीप मृत्युपत्र करायला वकिलाकडे जातो ते प्रकरण कादंबरीतलं सर्वांत प्रेमाचं प्रकरण होऊ शकतं, कारण तिथे तो दोन्ही बाजूंचा विचार प्रत्यक्ष कागदावर करतो.

मंगलचा दीर तिला म्हणतो, ‘लग्न केलंस तर या घरावर पाणी सोड.’ नवऱ्याकडून वारसाने तिच्याकडे आलेला हिस्सा पुनर्विवाहामुळे जात नाही. दिराचं म्हणणं कायद्याला धरून नाही. पण तिला ते ठाऊक आहे का? ठाऊक नसेल तर ती कोणत्या पानावर, कुणाकडून शिकते? आणि हक्क आहे हे कळल्यावरही ज्या घरात सासू राहते तिथे तिला भांडायचं आहे का? हे तीन प्रश्न म्हणजे तीन प्रकरणं.

घटस्फोट कथानकात घडत असेल तर कालरेषा तपासा. परस्परसंमतीने घटस्फोट घ्यायचा तर अर्जाआधी वर्षभर वेगळं राहणं लागतं आणि पहिल्या अर्जानंतर सहा महिने थांबावं लागतं. हे सहा महिने माफ करण्याचा अधिकार न्यायालयाला आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली स्पष्ट केलं. लढवलेल्या खटल्यात निकालानंतर अपिलाची मुदत ९० दिवसांची असते, तोवर दुसरं लग्न करता येत नाही. मार्चमध्ये निकाल आणि एप्रिलमध्ये लग्न असं लिहिलेलं हस्तलिखित जाणता वाचक तिथेच मिटतो. कथा हल्लीची असेल आणि प्रकरण उच्च न्यायालयात जात असेल तर आणखी एक बघा: १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच सुरू झालं आहे. त्याआधीच्या काळातली कथा असेल तर पात्राला मुंबईची गाडी पकडावी लागेल.

विशेष विवाह कायद्याखाली, म्हणजे १९५४ च्या कायद्याने, लग्न करणार असतील तर ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते आणि ती विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात लावली जाते. तीन साक्षीदार लागतात. मंगलने अजून मुलाला सांगितलेलं नाही आणि तालमीतल्या कुणाच्या तरी काकाने ती नोटीस वाचली, तर? आयते ३० दिवस हातात आले. शिवाय तिसरा साक्षीदार कोण, यावर एक अख्खं प्रकरण होतं. सासूच साक्षीदार म्हणून यायला तयार झाली तर ती सही वाचकाच्या लक्षात राहील. पण त्यासाठी सासू पहिल्या प्रकरणापासून जिवंत माणूस म्हणून वावरलेली असली पाहिजे.

‘समाज’ नावाचं पात्र काढून टाका

‘समाजाने त्यांना स्वीकारलं नाही’ हे वाक्य कादंबरीत येता कामा नये. समाज म्हणजे नेमकं कोण, ती तीन माणसं ठरवा आणि त्यांना कारणं द्या.

कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी पुनर्विवाहाचा कायदा १९१७ साली केला. त्याच्याही आधीपासून या भागातल्या अनेक जातींत पाट लावण्याची, म्होतराची, म्हणजे विधवेच्या दुसऱ्या लग्नाची रीत होती. त्यामुळे प्रत्येक म्हातारी बाई दुसऱ्या लग्नाच्या नुसत्या नावाने हादरेल असं धरून चालू नका. मंगलची सासू कदाचित म्हणेल, ‘माझ्या मावळणीचा पाट लागला हुता. त्यात काय एवढं?’ आणि पुण्यात नोकरी करणारी, मोकळ्या विचारांची २३ वर्षांची मुलगीच सर्वांत जास्त दुखावलेली असेल. विरोध कुठून येतो हे जात, पेठ, पैसा आणि दुःखाचं वय यांवर ठरतं. वाचकाला जिथून अपेक्षा आहे तिथूनच तो आला की गोष्ट शिळी होते.

मुलीला कादंबरीतला सर्वांत मजबूत युक्तिवाद द्या. ही माझी ठाम सूचना आहे. तिला हट्टी, स्वार्थी दाखवलं तर मंगलचा निर्णय स्वस्त होतो. मुलगी म्हणते, ‘बाबा गेल्यावर तू एकदाही माझ्यासमोर रडली नाहीस. मी तुझ्याकडे बघून रडायची थांबले. आता तू सांगतेस की तुझं दुःख संपलं. माझं कुठे संपलंय?’ याला मंगलकडे उत्तर नसलं पाहिजे. उत्तर नसताना ती काय करते, तिथे तिचं वय दिसतं.

शेजारपाजार लिहिताना शहर नेमकं वापरा. पेठेत तालमीच्या कट्ट्यावरून न दिसता घरात शिरता येत नाही. रंकाळ्यावर सकाळी फिरायला गेलं तर दर शंभर पावलांवर ओळखीचं कुणीतरी भेटतं. म्हणून दोघं चोरून भेटायला रंकाळ्यावर जात नाहीत, लेखक त्यांना उगीच पाठवतात. खरे कोल्हापूरकर अशा वेळी कामाचं निमित्त काढतात: उद्यमनगरात सासूची व्हीलचेअर वेल्डिंगला आणणं, करवीर नगर वाचन मंदिरात पुस्तक बदलणं. १८५० पासूनचं वाचनालय आहे, तिथे पन्नाशीची बाई पुस्तकाच्या कपाटापुढे वीस मिनिटं उभी राहिली तर कुणी वळून बघत नाही. पन्हाळा वीसेक किलोमीटरवर आहे, पण तिकडे जायचं म्हणजे अर्धा दिवस आणि घरी सांगायला कारण. ती सहल एकदाच वापरा आणि तिची किंमत मोजायला लावा.

तांबडा-पांढरा, मिसळ, चप्पल, साज ही यादी दोन प्रकरणांत संपवून टाकू नका. इथला माणूस रोज मिसळ खात नाही. तो डबा नेतो.

पुराचा मोह

कोल्हापूरची कथा म्हटली की महापूर सुचतोच. पाणी चढलं, दोघं एका घरात अडकले, मनं जुळली. हे फार सोपं आहे आणि ज्यांच्या घरात पाणी आलं त्यांना ते खोटं वाटतं. पूर लिहायचा असेल तर त्याचा क्रम लिहा. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं आणि शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला होता. २०२१ च्या जुलैत पुन्हा मोठा पूर आला. माणसं आकडा बघत असतात: ३९ ला कागदपत्रं पिशवीत, ४१ ला गाडी उंचावर, ४३ च्या आधी म्हातारी माणसं नातेवाइकांकडे. दिलीप आपल्या आईला कुणाकडे हलवतो? बहिणीकडे, की मंगलच्या घरी? मंगलच्या सासूने दिलीपच्या आईसाठी अंथरूण घातलं, तर पुराने कथेत खरं काम केलं. दोन म्हाताऱ्या चार दिवस एका खोलीत. प्रेमिकांपेक्षा त्यांचं बोलणं जास्त लिहा.

बोलणं

हल्लीच्या हस्तलिखितांत पन्नाशीची माणसं समुपदेशकासारखी बोलतात. ‘मला तुझी साथ हवी आहे, पण माझा अवकाशही जपायचा आहे.’ असं कुणी शिवाजी पेठेत बोलत नाही. मंगल आणि दिलीप यांच्यात तोच आशय असा येतो (आत्या म्हणजे मंगलची सासू):

‘बुधवारी येऊ नका.’
‘का?’
‘आत्यांना दवाखान्यात न्यायचंय. तुम्ही आलात की त्या जेवत नाहीत.’
‘मग गुरुवारी येतो. काय आणू?’
‘काही आणू नका. आणलंत की त्यांना वाटतं, हा माणूस आपल्याला विकत घ्यायला लागलाय.’
‘मोकळ्या हाताने येऊ?’
‘मोकळ्या हाताने या आणि त्यांच्यासमोर बसा. माझ्याशी बोलू नका. त्यांच्याशी बोला.’

यात प्रेम हा शब्द नाही, पण बाई काय मागते आहे ते कळतं. अशा संवादाची कसोटी सोपी आहे. प्रत्येक वाक्यात वार, वस्तू, माणूस किंवा काम यांपैकी काहीतरी असलं पाहिजे. फक्त भावना सांगणारं वाक्य एका प्रसंगात एकच ठेवा, तेही शेवटी नको, मध्येच कुठेतरी.

सासूला ‘आत्या’ म्हणायचं की ‘आई’, दोघं एकमेकांना अहो-जाहो करतात ते कुठवर, हे आधी ठरवा आणि वहीत लिहून ठेवा. पेठेतल्या बायका ‘मी येतो’, ‘मी सांगितलो’ असं बोलतात. ते सासूच्या तोंडी ठेवा. मंगल घरी तसं बोलेल, काउंटरवर बोलणार नाही. सगळ्यांच्या तोंडी एकसारखी कोल्हापुरी घातली की ती सिनेमातली वाटते.

गैरसमजावर कथा चालवू नका. दिलीपला कुणाबरोबर तरी पाहिलं म्हणून मंगल तीन प्रकरणं अबोला धरेल, हे पटत नाही. ती फोन करून विचारेल. प्रौढ माणसांमधली दरी खरं बोलल्यानंतर पडते. तो सांगतो की आई असेपर्यंत बावडा सोडणार नाही. ती सांगते की सासू असेपर्यंत पेठ सोडणार नाही. दोघांनाही दुसऱ्याचं म्हणणं पटतं. अडचण तिथे आहे.

आधीचा जोडीदार आणि शरीर

मेलेला नवरा देवमाणूस आणि सोडून गेलेली बायको कजाग, हा साचा मोडायचा एक उपाय आहे. आधीच्या लग्नाची दोन चांगली आणि दोन वाईट वर्षं प्रसंगासह लिहून काढा, मग त्यातला फक्त दहावा भाग कादंबरीत घाला. मंगलचा नवरा चांगला होता, पण पैसे कुठे ठेवतो ते कधी सांगायचा नाही. म्हणून ती दिलीपच्या कर्जाचे कागद दोनदा तपासते. दिलीपची पहिली बायको वाईट नव्हती. वर्कशॉपच्या पहिल्या दहा वर्षांत तो घरीच नसायचा. हे त्याने स्वतः मंगलला सांगितलं पाहिजे, आणि सांगितल्यावर लगेच क्षमा मिळता कामा नये.

शरीराबद्दल मराठीत लिहिताना लेखक एकतर संस्कृतात शिरतो नाहीतर दार लावून घेतो. दोन्ही टाळता येतं. साधी क्रियापदं वापरा: बसली, हात धरला, दिवा घालवला, थांब म्हणाली. वय विसरू नका. सलग १२ महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली असं डॉक्टर म्हणतात. त्याच्या आधीची काही वर्षं अंगातून वाफा, तुटक झोप, कोरडेपणा, चिडचिड असू शकते. पुरुषाला मधुमेह असेल, रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील, तर त्याचाही परिणाम होतो. ते विनोदासाठी वापरू नका आणि शोकासाठीही नको. गुडघा दुखतो म्हणून ती उशी मागते, तो उठून देतो, एवढं पुरतं. खोलीची कडी लागते का, बाहेर कोण झोपलंय, हे वाचकाला कळलं पाहिजे, कारण पात्रांच्या डोक्यात तेच चाललेलं असतं. प्रसंगानंतर दोघांच्या वागण्यात नेमकं काय बदललं, हे सांगता येत नसेल तर तो प्रसंग काढून टाका.

आजार शेवटी आणू नका. दिलीप हॉस्पिटलमध्ये, मंगल धावत आली, मुलांनी मान डोलावली, हा शेवट ओळखीचा झालाय. आजार आणायचाच तर मध्यावर आणा आणि कंटाळवाणा आणा: पथ्य, बिलं, रात्रपाळीला कोण, ‘पेशंटचं नातं काय?’ या प्रश्नाला मंगलने द्यायचं उत्तर.

प्रकरणांची मांडणी

२८ प्रकरणं, प्रत्येकी सुमारे २,४०० शब्द, म्हणजे ६७,००० च्या आसपास शब्द आणि छापील अडीचशे पानं. यापेक्षा लांबलं की मधला भाग बहुधा सैल पडतो. भेट दुसऱ्या प्रकरणात. आठव्यापर्यंत दोघांना मिळून करायचं एक काम हवं, त्यांच्या प्रेमाशी संबंध नसलेलं. चौदाव्यात बोलून होतं. तरुणांच्या कादंबरीत ही कबुली जवळजवळ शेवटी असते, इथे ती बरोबर मध्यावर. पंधरा ते वीस या प्रकरणांत एकेकाला कळत जातं, आणि कुणाला कसं कळलं याची पद्धत प्रत्येक वेळी वेगळी. एकविसावं-बाविसावं तुटण्याचं. उरलेली सहा प्रकरणं मांडामांडीची: कोण कुठे राहणार, फोटो कुठे लागणार, सणाला कोणत्या घरी, कागदावर काय. बहुतेक लेखक ही सहा प्रकरणं एका पानात उरकतात. वाचक मात्र त्यांच्यासाठीच थांबलेला असतो, कारण ‘जमलं’ हे त्याला आधीच कळलेलं असतं, ‘कसं जमवलं’ ते नसतं.

शेवट आशेचा असावा, प्रेमकादंबरी वाचणाऱ्याचा तो हक्क आहे. पण प्रत्येकाने काहीतरी सोडलेलं असावं. दोघं आठवड्यातले चार दिवस एकत्र राहतात, तीन दिवस आपापल्या म्हाताऱ्यांपाशी, हा शेवट चालतो. मुलगी लग्नाला येते पण फोटोत उभी राहत नाही, हेही चालतं. पुढच्या दिवाळीला काय होईल ते वाचकावर सोडा.

पहिला खर्डा झाला की तीन जणांना वाचायला द्या. ज्याच्या आईने किंवा वडिलांनी दुसरं लग्न केलंय असा तिशीच्या आतला कुणी, त्याला मुलीचे प्रसंग द्या. पात्राच्या धंद्यातला पन्नाशीचा माणूस, त्याला कामाची प्रकरणं द्या आणि कुठे हसू आलं ते विचारा. तिसरा कौटुंबिक खटले चालवणारा वकील. त्याला पूर्ण हस्तलिखित देऊ नका, तो वाचणार नाही. तारखा, मालमत्ता, पेन्शन आणि लग्नाची पद्धत एका पानावर उतरवून द्या, आणि यातलं काय घडू शकत नाही एवढंच विचारा.